गावाजवळ वीज प्रकल्प येतोय? पर्यावरणाची हरकत कशी नोंदवायची, पहिल्यापासून

आधी एक गोष्ट डोक्यात पक्की करा, जनसुनावणीत, म्हणजे प्रकल्पाबद्दल लोकांचं म्हणणं ऐकायच्या सरकारी सभेत, कोण किती जोरात ओरडलं याला काही अर्थ नसतो. मंजुरीचा निर्णय घेणारी समिती तिथे बसलेली नसते, ती दिल्लीत नाहीतर मुंबईत बसते आणि तिच्या टेबलावर जातो तो कागद. त्या कागदावर "गावकऱ्यांनी प्रकल्पास विरोध केला" एवढंच आलं तर समिती मान डोलावते आणि पुढचा विषय घेते. "अहवालाच्या अमुक पानावर ओढा दाखवलाच नाही, तो सर्व्हे नंबर अमुकमधून वाहतो, फोटो जोडलाय" असं आलं तर कंपनीला उत्तर द्यावं लागतं. सगळा खेळ एवढाच आहे, बाकी खाली लिहितो ते हे कसं जमवायचं त्याबद्दल.

पायरी १: प्रकल्प नेमका कुठला आणि परवानगी कुठली ते बघा

इथेच बरेच जण गडबडतात. कंपनीचा बोर्ड लागला, सर्वेवाले आले की लोक लगेच "जनसुनावणी कधी?" विचारतात, पण प्रत्येक प्रकल्पाला जनसुनावणी असतेच असं नाही. आपल्याकडे हे सगळं चालतं १४ सप्टेंबर २००६ च्या ईआयए अधिसूचनेवर (ईआयए म्हणजे प्रकल्पाचा पर्यावरणावर काय परिणाम होईल याचा अभ्यास, त्याचा अहवाल कंपनी देते), ती पर्यावरण संरक्षण कायदा १९८६ खाली काढलेली आहे. त्यात प्रकल्पांचे गट पाडलेत. ५०० मेगावॅट किंवा जास्तीचा कोळशाचा प्रकल्प, मोठे जलविद्युत प्रकल्प, अणुऊर्जा, हे 'अ' गटात, म्हणजे केंद्राच्या पर्यावरण मंत्रालयाकडे. त्याखालचे साधारण 'ब' गटात, ते राज्याच्या प्राधिकरणाकडे जातात. 'ब' मध्येही ब-१ आणि ब-२ असे दोन भाग आहेत आणि ब-२ ला अहवालही नाही, सुनावणीही नाही. आधीच पर्यावरण मंजुरी असलेल्या औद्योगिक वसाहतीच्या आत प्रकल्प बसत असला तरी सुनावणीतून सूट मिळते.

आता ज्यांच्या गावात सोलर किंवा पवनचक्क्या येतायत त्यांच्यासाठी वाईट बातमी, सौर आणि पवन प्रकल्प या अधिसूचनेत येतच नाहीत. हायटेन्शन लाइनचंही तेच. तेव्हा तिथे जनसुनावणीची वाट बघत बसू नका, कारण ती होणारच नाही. तिथे दुसरी दारं ठोठवावी लागतात. वनजमीन जात असेल तर वन विभागाची मंजुरी लागते, अभयारण्य किंवा राष्ट्रीय उद्यानातून जात असेल तर वन्यजीव मंडळाची, समुद्रकिनारा असेल तर सीआरझेड म्हणजे किनारपट्टी नियमांखालची, गायरान जात असेल तर ग्रामपंचायत आणि जिल्हाधिकारी. पवनचक्क्यांसाठी केंद्राच्या नवीकरणीय ऊर्जा मंत्रालयाची २०१६ ची मार्गदर्शक तत्त्वं आहेत, त्यात आवाजाचा त्रास कमी व्हावा म्हणून वस्तीपासून ५०० मीटर अंतर ठेवायचं म्हटलंय, आणि ध्वनी प्रदूषण नियम २००० प्रमाणे रहिवासी भागात रात्रीची मर्यादा ४५ डेसिबल आहे. हे दोन आकडे पवनचक्कीवाल्या गावांनी पाठ करून ठेवावेत.

पायरी २: कागद मिळवा

केंद्राच्या पर्यावरण मंत्रालयाचं 'परिवेश' नावाचं पोर्टल आहे, २०१८ मध्ये सुरू झालं. तिथे राज्य, जिल्हा, प्रकल्पाचा प्रकार टाकून शोधता येतं. कंपनीने सुरुवातीला भरलेला अर्ज, समितीने ठरवून दिलेले अभ्यासाचे मुद्दे म्हणजे टीओआर, समितीच्या मीटिंगचे इतिवृत्त असं बरंच तिथे सापडतं. सगळ्यात आधी टीओआर डाउनलोड करा. टीओआर म्हणजे कंपनीला दिलेली प्रश्नपत्रिका आणि ईआयए अहवाल म्हणजे तिची उत्तरपत्रिका, दोन्ही शेजारी ठेवून तपासलं की कुठला प्रश्न सोडून दिलाय ते लगेच दिसतं.

जनसुनावणीच्या आधी मसुदा अहवाल आणि त्याचा सारांश जिल्हाधिकारी कार्यालय, जिल्हा परिषद, जिल्हा उद्योग केंद्र, संबंधित ग्रामपंचायत, प्रदूषण नियंत्रण मंडळाचं प्रादेशिक कार्यालय इतक्या ठिकाणी ठेवायचा असतो. सारांश मराठीतही लागतो. सुनावणीची नोटीस एका राष्ट्रीय आणि एका स्थानिक भाषेतल्या पेपरात यायला हवी आणि लोकांना किमान ३० दिवस मिळायला हवेत. नोटीस ज्या दिवशी आली त्या दिवसाचा पेपर, अख्खं पान, तारखेसकट जपून ठेवा, कात्रण नको. आणि नोटीस आल्यावर दोनतीन दिवसांत ग्रामपंचायतीत जाऊन अहवाल बघायला मागा. "अजून आला नाही" असं उत्तर मिळालं तर भांडू नका, तिथेच बसून एक अर्ज लिहा की आज अमुक तारखेला अहवाल पाहायला आलो, उपलब्ध नव्हता, आणि त्यावर शिक्का मारून पोच घ्या. हा चार ओळींचा कागद पुढे फार कामाला येतो कारण ३० दिवस मिळाले नाहीत हे सिद्ध करायला त्याच्याइतकं सोपं दुसरं काही नाही.

जे मिळत नाही त्यासाठी माहिती अधिकार. अर्जाला १० रुपयांचं कोर्ट फी स्टॅम्प लावायचं, उत्तराला ३० दिवस. महाराष्ट्रात अर्ज एका विषयावर आणि १५० शब्दांत बसवायचा असा नियम आहे, त्यामुळे सगळं एकाच अर्जात कोंबू नका, पाच विषय असतील तर पाच अर्ज टाका. आणि हे सुनावणीची नोटीस यायच्या आधीच करा, नंतर केलं तर उत्तर येईपर्यंत सुनावणी उरकलेली असते.

पायरी ३: अहवाल वाचा, पण पहिल्या पानापासून नाही

अहवाल पाचसहाशे पानांचा असतो आणि सुरुवातीची पानं देशाला वीज किती हवी यावरच असतात, ती सोडून द्या. सरळ नकाशावर जा. साधारणपणे प्रकल्पापासून १० किलोमीटरचा परीघ अभ्यासाचा धरतात. त्यात तुमचं गाव आहे का, शाळा, दवाखाना, नदी, ओढे, पाझर तलाव, देवराई, पाणीपुरवठ्याची विहीर दाखवलीय का ते बघा. बाहेरून आलेल्या सल्लागाराला पावसाळी ओढा दिसत नाही कारण तो उन्हाळ्यात आलेला असतो. तुम्हाला तो माहितीय, आणि हीच तुमची ताकद आहे.

मग झाडं आणि प्राण्यांची यादी. ही यादी गावातल्या म्हाताऱ्या माणसांना आणि गुराख्यांना वाचून दाखवा, मजा येते. कधी कधी जिल्ह्यात कधीच नव्हतं असं झाड यादीत असतं आणि रोज दिसणारा प्राणी गायब असतो. ही कॉपी-पेस्टची भानगड काही कल्पना नाही, रत्नागिरी जिल्ह्यातल्या एका बॉक्साइट खाणीच्या अहवालात रशियातल्या खाणीच्या अहवालातला मजकूर जसाच्या तसा आला होता, ते उघडकीला आलं तेव्हा मोठी नाचक्की झाली. अधिसूचनेतच लिहिलंय की मुद्दाम माहिती लपवली किंवा खोटी दिली तर अर्ज फेटाळता येतो, दिलेली मंजुरी रद्दही करता येते. गोव्यातल्या मोपा विमानतळाच्या केसमध्ये २०१९ साली सुप्रीम कोर्टाने मंजुरी थांबवून ठेवली होती ती अर्जात आसपासच्या पर्यावरणाची माहिती नीट दिली नाही म्हणूनच. नंतर २०२० मध्ये जादा अटी घालून ती स्थगिती उठली ही गोष्ट वेगळी, पण अटी तर वाढल्या.

हवेच्या तक्त्यात तारखा बघा. मोजमाप साधारण पावसाळा सोडून एका हंगामात तीन महिने करतात, आठवड्यातून दोनदा म्हणजे एका ठिकाणी चोवीसेक नोंदी. मोजणीची यंत्रं कुठे लावली होती ते गावाच्या नावासकट दिलेलं असतं. त्या गावात जाऊन विचारा, यंत्र कुठे होतं, कुणाच्या गच्चीवर होतं. कुणालाच आठवत नसेल तर तोच एक मुद्दा झाला. दुसरं, वारा कुठून कुठे वाहतो त्याची आकृती दिलेली असते. चिमणीच्या वाऱ्याखालच्या बाजूला, म्हणजे धूर जिकडे जाणार तिकडे, एकही यंत्र नसेल तर ते लिहून काढा. पीएम १० म्हणजे हवेतल्या बारीक धुळीची दिवसाची मर्यादा १०० मायक्रोग्रॅम आणि वर्षाची सरासरी ६० आहे, बरेच अहवाल फक्त १०० शी तुलना करून "मर्यादेत आहे" म्हणतात आणि ६० चा विषयच काढत नाहीत.

पाण्याचा हिशोब मात्र स्वतः करा, अवघड नाहीये. गोड्या पाण्यावर चालणाऱ्या नव्या औष्णिक प्रकल्पाला एका युनिटमागे जास्तीत जास्त ३ लिटर पाणी वापरायची मर्यादा आहे. समजा ६६० मेगावॅटचे दोन संच आहेत, म्हणजे १३२० मेगावॅट. चोवीस तास पूर्ण ताकदीने चालला तर दिवसाला ३ कोटी १६ लाख ८० हजार युनिट. गुणिले ३, म्हणजे साडेनऊ कोटी लिटर रोज. जलजीवन मिशन माणशी ५५ लिटर धरतं, त्या हिशोबाने हे सव्वासतरा लाख माणसांचं रोजचं पाणी झालं. आता प्रश्न विचारा, हे पाणी कुठल्या धरणातून, त्या धरणातलं सिंचनाचं आरक्षण किती कमी होणार, आणि धरण भरलं नाही त्या वर्षी आधी कुणाचं पाणी तोडणार? हा शेवटचा प्रश्न जरूर विचारा, त्याचं उत्तर अहवालात सहसा नसतं.

राखेचंही तसंच. एका युनिटला ढोबळमानाने ६५० ग्रॅम कोळसा आणि त्यात ३५ टक्के राख धरली तर वरच्याच प्रकल्पातून दिवसाला सातेक हजार टन राख निघते. २५ टनी ट्रकने न्यायची तर तीनशेच्या आसपास ट्रक रोज. अहवालात लिहिलेलं असतं "शंभर टक्के राख सिमेंट आणि विटांसाठी वापरली जाईल". ठीक आहे, मग कुठल्या सिमेंट कारखान्याशी करार झालाय, ट्रक कुठल्या रस्त्याने जाणार, त्या रस्त्यावर किती शाळा आहेत, आणि पावसाळ्यात राखेचा तलाव भरला तर सांडवा कुठल्या नाल्यात उघडतो? जलविद्युत किंवा उदंचन म्हणजे पंप्ड स्टोरेज प्रकल्प असेल तर राख नाही पण बोगद्याचा दगड-मुरूम टाकणार कुठे, सुरुंगामुळे झऱ्यांवर काय परिणाम होणार, वरच्या तलावासाठी सड्यावरची किती जमीन बुडणार हे प्रश्न येतात. घाटमाथ्यावरच्या गावांचं पिण्याचं पाणी झऱ्याचं असतं आणि अहवालात झरे मोजलेलेच नसतात असं होऊ शकतं, म्हणून तुम्ही मोजा.

पायरी ४: आपला पुरावा

फार खर्च नको. मोबाईलमध्ये जीपीएस आणि तारीख छापणारं कॅमेरा ॲप टाका आणि ओढे, विहिरी, झरे, घरटी, पावलांचे ठसे, पूर आला तेव्हाची पाण्याची पातळी, सगळ्यांचे फोटो काढा. प्रत्येक फोटोखाली सर्व्हे किंवा गट नंबर लिहा. विहिरींची एक वही करा, मालकाचं नाव, खोली, मार्चमध्ये पाणी किती, मे मध्ये किती. पाचदहा विहिरींच्या पाण्याची तपासणी सरकारी प्रयोगशाळेत करून घ्या कारण प्रकल्प आल्यावर पाणी खराब झालं हे दाखवायला आधीचा रिपोर्ट लागतोच. सातबाऱ्यावरची पीकपाहणी जमा करा, बागायत जमीन कागदावर पडीक दाखवलेली असेल तर तिथे सापडते.

व्हॉट्सॲपवर फिरणारे परदेशातले व्हिडिओ आणि "या प्रकल्पाने बायका वांझ होतात" टाइपच्या गोष्टी यातून पूर्ण बाजूला ठेवा. अशी एक भंकस ओळ निवेदनात घुसली की उरलेले नऊ खरे मुद्दे पण हास्यास्पद ठरतात, आणि कंपनीचा माणूस नेमकं त्याच ओळीला उत्तर देतो.

पायरी ५: हरकत लिहा

एक मुद्दा एक परिच्छेद. प्रत्येकात चार गोष्टी, अहवाल कुठल्या पानावर काय म्हणतो, प्रत्यक्षात काय आहे, पुरावा कुठला, आणि तुमची मागणी काय. समजा असं:

"मसुदा अहवाल पान १४२ वर प्रकल्पापासून ५ किमीत पिण्याच्या पाण्याचा सार्वजनिक स्रोत नाही असे नमूद आहे. प्रत्यक्षात गट नं. २१७ मध्ये ग्रामपंचायतीची नळपाणी योजनेची विहीर असून ती नियोजित राख तलावापासून सुमारे ८०० मीटर उताराच्या बाजूस आहे. सोबत फोटो व ग्रामपंचायतीचा दाखला जोडला आहे. सबब या भागातील भूजलाचा दोन्ही हंगामांतील अभ्यास करून तो जाहीर करावा, राख तलावाची जागा बदलावी, व तोपर्यंत मंजुरीचा विचार करू नये."

याच्यासमोर "आमचे पाणी दूषित होईल, प्रकल्प रद्द करा" हे वाक्य ठेवून बघा. चीड दोन्हीकडे तीच आहे, पण दुसऱ्याला "योग्य ती काळजी घेतली जाईल" असं एका ओळीत उडवून लावता येतं, पहिल्याला नाही.

जमिनीचा भाव, नोकऱ्या, पुनर्वसन हे मुद्देही महत्त्वाचेच, पण ते वेगळ्या निवेदनात द्या, एकत्र केलं की "यांना फक्त पैसे हवेत" म्हणायला मोकळे. मागणी करताना "रद्द करा" सोबत पर्यायी मागणीही लिहा, काही लोकांना हे पटत नाही, त्यांना वाटतं अटी मागितल्या म्हणजे आपण प्रकल्प मान्य केला. मला तसं वाटत नाही, "मुख्य मागणी मंजुरी नाकारावी, ती अमान्य झाल्यास किमान पुढील अटी" अशी स्पष्ट भाषा वापरता येते. डहाणूचं बघा ना. १९९१ मध्ये तो तालुका पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील जाहीर झाला तरी ५०० मेगावॅटचा औष्णिक प्रकल्प तिथे झालाच, पण चिकू बागायतदार आणि स्थानिक लोक मागे हटले नाहीत, १९९६ मध्ये सुप्रीम कोर्टाच्या आदेशाने निवृत्त न्यायमूर्ती धर्माधिकारींच्या अध्यक्षतेखाली तालुक्यासाठी प्राधिकरण बसलं आणि त्याच्या रेट्यामुळे २००७ मध्ये तिथे धुरातला सल्फर काढणारी यंत्रणा लागली. त्या काळात देशातल्या बहुतेक प्रकल्पांना ती नव्हती.

निवेदन प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या प्रादेशिक अधिकाऱ्याला द्या, प्रत जिल्हाधिकाऱ्यांना. आवक नंबर आणि शिक्का असलेली ओसी, म्हणजे आपली प्रत, स्वतःकडे. ईमेलही करा. गावाबाहेर राहणारी मुलं, पुण्या-मुंबईतली मंडळी यांनाही लेखी हरकत पाठवता येते, सुनावणीत हजर राहावंच लागतं असं नाही. पण शंभर लोकांनी एकच झेरॉक्स सही करून पाठवण्यापेक्षा पंधरा लोकांनी पंधरा वेगळे मुद्दे पाठवलेले चांगले.

पायरी ६: ग्रामसभा

ठराव हवाच. सरपंच टाळाटाळ करत असेल तर विशेष ग्रामसभेची लेखी मागणी करा, नाहीतर २६ जानेवारी, १ मे, १५ ऑगस्ट, २ ऑक्टोबरच्या सभेत विषय घ्यायला लावा, विषयपत्रिकेवर आधीच. ठरावात कारणं लिहा, फक्त "विरोध" नको. आदिवासी क्षेत्रात पेसा (तिथल्या ग्रामसभांना जादा अधिकार देणारा कायदा) आणि वनहक्क कायदा २००६ मुळे ग्रामसभेचं वजन बरंच जास्त असतं. ओडिशात नियमगिरीला २०१३ मध्ये सुप्रीम कोर्टाने निर्णय ग्रामसभांवर सोपवला आणि बाराच्या बारा ग्रामसभांनी खाण नाकारली. तो खाणीचा विषय होता, विजेचा नाही, पण वनजमीन जाणाऱ्या कुठल्याही प्रकल्पाला तो दाखला देता येतो.

पायरी ७: सुनावणीचा दिवस

अध्यक्षस्थानी जिल्हाधिकारी किंवा अपर जिल्हाधिकारी असतात. पूर्ण कार्यक्रमाचं व्हिडिओ शूटिंग सक्तीचं आहे, आणि तुम्हीही आपलं वेगळं करा.

बहिष्काराचा विषय निघतोच. नीट ऐका, सुनावणीला कोरम लागत नाही. तुम्ही सगळे बाहेर घोषणा देत बसलात तरी आत चार माणसांत सुनावणी पूर्ण होते. आणि दंगा करून बंद पाडली, मोकळेपणाने मतं मांडता येत नाहीत असा अहवाल गेला, तर प्रत्यक्ष सुनावणी वगळूनच पुढे जायची तरतूदही नियमात आहे. बाहेर आंदोलन करायचं तर करा, पण ठरवून काही लोक आत पाठवा.

आधी वाटून घ्या, पाण्यावर कोण बोलणार, राखेवर कोण, मासेमारीवर कोण. बायकांना बोलायला लावा, पाणी कुठून आणावं लागतं हे त्यांच्याइतकं नेमकं कोणी सांगत नाही. पुढाऱ्यांच्या हातात माईक गेला की अर्धा तास गेला, त्यामुळे गावकऱ्यांची नावं यादीत आधी द्या. प्रत्येकाने तीन-चार मिनिटांत मुद्दा सांगायचा, पान नंबर म्हणायचा, आणि बोललेलं लेखी टेबलावर द्यायचं. कंपनीला प्रश्न विचारायचा हक्क आहे तो वापरा. ते मोघम बोलले तर "हे उत्तर इतिवृत्तात असंच लिहा" म्हणा.

आणि शेवटपर्यंत थांबा हो! सुनावणीचा सारांश त्याच दिवशी, तिथेच, स्थानिक भाषेत वाचून दाखवायचा असतो आणि मग त्यावर सही होते. दुपारी जेवायला म्हणून माणसं घरी जातात आणि हेच नेमकं राहून जातं. वाचताना तुमचा मुद्दा आला नाही तर हात वर करून सांगा, व्हिडिओत येऊ द्या.

पायरी ८: नंतर

सुनावणीचं इतिवृत्त आठ दिवसांत मंजुरी देणाऱ्या प्राधिकरणाकडे जातं, ग्रामपंचायतीत आणि मंडळाच्या वेबसाइटवरही लागतं. चुकीचं असेल तर लगेच प्राधिकरणाला आणि कंपनीला लेखी कळवा. मग कंपनी अंतिम अहवाल तयार करते, त्यात तुमच्या मुद्द्यांवर तिची उत्तरं असतात. परिवेशवर तज्ज्ञ समितीच्या मीटिंगचा अजेंडा येतो, त्यावर नजर ठेवा आणि मीटिंगच्या आधी सदस्य सचिवांना दोन पानी ईमेल करा की आमचे हे पाच मुद्दे आणि कंपनीने त्यांचं हे उत्तर दिलेलं नाही. पंचवीस पानं पाठवू नका, कुणी वाचत नाही. दिल्ली हायकोर्टाने २००९ च्या उत्कर्ष मंडळ केसमध्ये सांगितलंय की सुनावणीतल्या हरकतींचा समितीने विचार केला हे कारणांसह दिसायला हवं, ईमेलमध्ये त्याचा उल्लेख करा.

मंजुरी मिळालीच तर राष्ट्रीय हरित लवाद, म्हणजे पर्यावरणाच्या केसेस चालवणारं न्यायपीठ. आपल्या भागाचं खंडपीठ पुण्याला आहे. अपिलाला ३० दिवस, उशिराचं सबळ कारण असेल तर आणखी ६० दिवस, त्यानंतर एक दिवसही नाही. नुकसानभरपाई मागत नसाल तर फी एक हजार रुपये. मंजुरी मिळाल्याची जाहिरात कंपनीने सात दिवसांत दोन स्थानिक पेपरांत द्यायची असते, त्यामुळे मीटिंग झाल्यापासून पेपर रोज बघायचं काम एका माणसाकडे सोपवा आणि वकील आधीच बघून ठेवा, मंजुरी आल्यावर वकील शोधायला निघालात तर तीस दिवस असेच जातात.

अपील करायचं नसेल किंवा हरलात तरी मंजुरीपत्र डाउनलोड करा आणि अटींना नंबर घालून मराठीत एक तक्ता करा. कंपनीला दर सहा महिन्यांनी, १ जून आणि १ डिसेंबरला, अटी पाळल्याचा अहवाल द्यावा लागतो आणि तो सार्वजनिक असतो. तो काढून तुमच्या तक्त्याशी आणि प्रत्यक्ष जागेशी ताडून बघा, "हरितपट्ट्यात इतकी झाडं लावली" लिहिलं असेल तर जाऊन मोजा, आणि फरक सापडला की मंत्रालयाच्या प्रादेशिक कार्यालयाला आणि प्रदूषण मंडळाला फोटोसकट तक्रार टाका, पोच घेऊन.